शेतातच भरते शाळा!
– विशेष प्रतिनिधी

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातील कपाशीचे अतोनात नुकसान केले. फवारणी झाली, जीव गेले आणि पीकही वाचले नाही. फवारावे केव्हा आणि फवारू नये केव्हा, हा निर्णय शेतकऱ्याला स्वतः घेता येईल का, हा प्रश्न त्यानंतर प्रकर्षाने पुढे आला. त्याचे एक उत्तर 'शेतीशाळा' या पद्धतीत आहे.

तिचा उगम इंडोनेशियातला. तेथे भातावरील तपकिरी तुडतुड्यांनी १९७० च्या दशकापासून हाहाकार माजविला होता. जितकी फवारणी अधिक, तितके तुडतुडे अधिक, असा विचित्र अनुभव येत होता. त्याचे कारण शास्त्रज्ञांनी शोधले. तुडतुड्याची अंडी भाताच्या पानाच्या आवरणात सुरक्षित राहत. औषधाने मरत ते तुडतुड्यांना खाणारे कोळी व अन्य मित्रकीटक. अंड्यांतून पिले बाहेर येत, तेव्हा त्यांना शत्रूच उरलेला नसे. सरकारने १९८६ मध्ये ५७ कीटकनाशकांच्या भातावरील वापरास बंदी घातली आणि १९८९ पर्यंत अनुदानही बंद केले. परंतु केवळ बंदीने शेतकऱ्याच्या मनातील भीती जात नाही. म्हणून १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साह्याने जावा बेटावर 'सकोलाह लापांगान', म्हणजेच 'शेतातली शाळा' सुरू झाली.

फळा नाही, पीक आहे

या शाळेत साधारण पंचवीस शेतकरी संपूर्ण हंगामभर, बहुधा आठवड्यातून एकदा, एकाच शेतात जमतात. लहान गट करून रोपे तपासतात. कीड किती, मित्रकीटक किती, पानांची व मातीची स्थिती काय, हे मोजतात. मग मोठ्या कागदावर त्याचे चित्र काढून चर्चा करतात आणि त्या आठवड्यात काय करायचे ते ठरवितात. प्रशिक्षक उत्तर सांगत नाही, प्रश्न विचारतो. एखाद्या कीटकाविषयी शंका आली तर तो भरणीत ठेवून काय खातो ते पाहायचे, हाच येथील प्रयोग. पुढे नव्वदहून अधिक देशांनी ही पद्धत स्वीकारली.

महाराष्ट्रात सोयाबीनवर २००८ मध्ये आलेल्या किडीच्या उद्रेकानंतर 'क्रॉपसॅप' हा कीड-सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला; त्याला शेतीशाळांची जोड मिळाली. जागतिक बँकेच्या साह्याने २०१८ मध्ये आरंभ झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानेही मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव भागातील गावांत याच मार्गाचा अवलंब केला. कपाशीच्या शेतीशाळेत शेतकरी डोमकळ्या शोधतो, कामगंध सापळ्यातील पतंग मोजतो, वीस हिरवी बोंडे फोडून पाहतो. दोन बोंडांत अळी निघाली तर नुकसानीची पातळी गाठली असे समजायचे. तोवर फवारणी नाही.

ज्ञानाचा प्रवाह दुहेरी

शेतकरी केवळ ज्ञान घेतो असे नाही, तो ते निर्माणही करतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या शेतातील काही वेगळ्या ओंब्या निवडल्या. त्यांतूनच 'एचएमटी' हा तांदूळ घडला. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभारली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शेतकऱ्याने विकसित केलेल्या वाणाची त्याच्या नावे नोंदणी करण्याची सोय २००१ च्या कायद्याने केली आहे. ज्ञान वाटले जावे, पण ते देणाऱ्याचे श्रेय हरवू नये, हा त्यामागील विचार.

अर्थात, ही जादूची कांडी नव्हे. जागतिक बँकेच्या अभ्यासकांना २००४ मध्ये इंडोनेशियात असे आढळले, की शाळेतले ज्ञान शेजारच्या शेतकऱ्यापर्यंत फारसे झिरपत नाही. हाताने पाहून शिकलेली गोष्ट बांधावरच्या गप्पांतून देणे कठीण असते. नियंत्रण सैल होऊन कीटकनाशकांचा वापर पुन्हा वाढला, तेव्हा २००९ ते २०११ या काळात जावामध्ये तुडतुडे परतले. म्हणजे शाळा एका हंगामापुरती भरवून भागत नाही, तिच्यात सातत्य हवे. प्रशिक्षक चांगले हवेत आणि जिच्या हातून निंदणी-वेचणी होते, त्या शेतकरी महिलेलाही त्या वर्तुळात जागा हवी.

शहरातील वाचकाला हा विषय दूरचा वाटेल. पण ताटातल्या भाजीवर किती औषध आहे, हे अखेर कुणा एका सकाळी शेतात घेतलेल्या निर्णयावर ठरते. तो निर्णय पंप पाठीवर घेण्यापूर्वी पाने उलटून पाहणाऱ्याचा असावा, एवढीच शेतीशाळेची अपेक्षा आहे.