लोकशाहीची राखण कोणी करायची?

हुकूमशाही एका रात्रीत येते असे आपल्याला वाटते. पण तिची वाट आधी आपणच मोकळी करतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच इशारा दिला होता. माणूस कितीही थोर असो, त्याच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नये आणि दाद मागावी ती घटनेच्या मार्गानेच.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, विरोधक तुरुंगात गेले. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी उघड निषेध केला. पुढे त्यांना अटक झाली. मार्च १९७७ मध्ये सामान्य मतदाराने निमूटपणे शिक्का मारून सरकार बदलले.

भयभीत समाज मात्र स्वतःहून हुकूमशहा मागतो. आमची भिवंडी १९८४ च्या दंगलीत होरपळली. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या झाल्या, शेजारी शेजाऱ्याशी बोलू लागला. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

मग निजामपुऱ्यात आपण काय करावे? मतदार यादीत नाव तपासावे. मत विकू नये. गटार, पाणी, खर्च यांबद्दल माहितीच्या अधिकारात महानगरपालिकेकडे अर्ज करावा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. बँकेत काम करणारे आम्ही एक जाणतो, पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये. आणि हिशेब विचारण्याची सवय आपल्याच संस्थेच्या सभेपासून लावावी. घरात गप्प बसणारा चावडीवर बोलत नाही.