मनाच्या ओपीडीत कमरेचं माप

मनोविकाराच्या ओपीडीत डॉक्टरांनी रुग्णाच्या कमरेला टेप लावली की सोबतची मंडळी बुचकळ्यात पडतात. तक्रार कानात आवाज येण्याची, आणि हे पोट कसलं मोजतायत? पण मोजायला हवं. ओलान्झापिन, क्लोझापिनसारखी औषधं भास आणि भ्रम आटोक्यात आणतात. त्याचबरोबर भूक, वजन आणि रक्तातली साखर वाढवू शकतात. म्हणून आताच्या उपचार-मार्गदर्शिका सांगतात की पहिल्या गोळीआधीच वजन, कमरेचा घेर, बीपी आणि शुगर लिहून ठेवा आणि पुढे ठरावीक काळाने पुन्हा तपासा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली गंभीर मनोविकार असलेल्यांच्या शारीरिक आजारांसाठी वेगळी मार्गदर्शिका काढली. ही माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात, आणि त्यातल्या पुष्कळांना मनाचा आजार नेत नाही, हृदयविकारासारखे टाळता येणारे आजार नेतात.

ग्वाल्हेरला या बदलाचं मोल जास्त कळावं. इथे शरीरासाठी जयारोग्य रुग्णालय आणि मनासाठी मानसिक आरोग्यशाला अशी वाटणी गावाच्या डोक्यात पक्की बसली आहे. आरोग्यशालेची हालत एकेकाळी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९७ मध्ये न्यायालयाने रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर इथल्या मनोरुग्णालयांवर देखरेखीचं काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवलं. तेव्हाचा प्रश्न रुग्णाला माणसासारखं ठेवण्याचा होता. त्याची शुगर कोण तपासणार, इथवर कुणाची मजल जाणार! पुढे २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला आणि २०१८ पासून लागू झाला. साखळदंडाला बंदी, भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय विजेच्या झटक्यांना बंदी, आणि उपचारांत मनोरुग्णाला शरीराच्या रुग्णाइतकाच हक्क. ही तिसरी तरतूद मला सगळ्यांत अवघड वाटते, कारण साखळी काढली की दिसते, बरोबरी तशी दिसत नाही.

औषध किती दिवस, हा घरोघरचा वाद. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतही ‘सवय लागेल हो’ म्हणत आईची नैराश्यावरची गोळी दोन महिन्यांत बंद करणारे असतातच. नैराश्यात बरं वाटू लागल्यावरही औषध किमान सहा महिने चालू ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ची मार्गदर्शिका सांगते. सवयीची भीती खरी आहे, पण ती भलत्याच गोळीवर काढली जाते. सवय लावतात ती अल्प्राझोलमसारखी झोप आणि धास्तीवरची औषधं. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून आणलेली त्यांची पट्टी मात्र वर्षानुवर्षं उशाशी असते. कायमच्या चिंताविकारावर ही औषधं देऊ नयेत, असं तीच मार्गदर्शिका म्हणते. अर्थात जुनी सवय असेल तर ती एकदम तोडायची नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस हळूहळू उतरवायचा, नाहीतर झटके येण्याचा धोका असतो.

बीपीचं काम तुलनेने सोपं. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब मोहिमेत मध्य प्रदेश पहिल्या पाच राज्यांत होता. कोणती गोळी आधी, किती डोस, आटोक्यात आलं नाही तर पुढची कोणती, हे सगळं एका कागदावर ठरलेलं. मनाच्या आजारात इतकं सरळ गणित मांडता येत नाही, पण आजार दोन्हीकडचे एकाच माणसाला होतात. मधुमेह्यांत नैराश्य इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं, आणि मन खचलं की पथ्य आणि गोळ्या दोन्ही सुटतात.

गोळ्यांचीही आपसात गाठ पडते. मूड स्थिर राहावा म्हणून लिथियम घेणाऱ्याला दुसऱ्या डॉक्टरांनी बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा टेल्मिसार्टन सुरू केलं, तर रक्तातलं लिथियम विषारी पातळीपर्यंत चढू शकतं. गुडघेदुखीवरच्या काही वेदनाशामकांनीही तेच होतं. हात थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं ही त्याची लक्षणं. तेव्हा दोन्हीकडच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत ठेवाव्यात, दोन्ही डॉक्टरांना दाखवाव्यात, आणि बीपीची गोळी बदलली तर आठवडाभरात लिथियमची रक्ततपासणी मागून घ्यावी.