पिकअपला पाटा वाढवावा का?

सेकंडहँड पिकअप हाती आली की बहुतेकांची पहिली फेरी पाटेवाल्याकडे होते. मागे एक-दोन पाटे वाढवले, गाडी उंच दिसू लागली की मालक खूश आणि ड्रायव्हरही खूश. गुळाच्या रव्यांपासून फर्निचर, भंगार, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कास्टिंगपर्यंत कोल्हापूरचा बराचसा किरकोळ माल या लहान गाड्यांवरच फिरतो. म्हणून या कामात पैसे घालण्यापूर्वी आपण काय विकत घेतो आहोत, हे व्यापारी बांधवांनी नीट समजून घेणे बरे.

अमेरिकेत पिकअप उंच करण्याची तयार किट विकली जातात. तिथे गाडी पुढून थोडी खाली झुकलेली असते. पुढची बाजू दोन-तीन इंच उचलून गाडी सपाट दिसावी, मोठे टायर बसावेत, हा त्यामागचा मुख्य हेतू. तो शौकाचा मामला झाला. आपल्याकडे दुखणे मागच्या बाजूला असते. माल भरला की मागचा भाग बसतो, हौदा टायरला घासू लागतो, पुढचे दिवे आभाळाकडे पाहू लागतात. त्यावरचा स्वस्त इलाज म्हणजे जादा पाटा.

आता पाट्याचे गणित पाहू. एकाच जाडीचे पाच पाटे असतील आणि तसाच सहावा घातला, तर कमान साधारण 20 टक्के कडक होते. जाडीचा हिशेब मात्र वेगळा आहे. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे 8 मिलिमीटरच्या जागी 10 मिलिमीटरचा पाटा टाकला, तर तो एक पाटा जुन्याच्या जवळजवळ दुप्पट कडक असतो. म्हणून ‘जरा जाड घाल’ हे सहज बोलून टाकण्यासारखे वाक्य नव्हे. भरलेल्या गाडीला तो कडकपणा मानवतो, पण परतीच्या रिकाम्या फेरीत गाडी उसळ्या मारते, पावसात ब्रेक लावला की मागची चाके रस्ता सोडू पाहतात आणि काचसामान नेणाऱ्याचे नुकसान ठरलेले. काही गाड्यांना पॅराबोलिक पाटे असतात, मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ होत गेलेले, संख्येने कमी. त्यांच्यात साधा सपाट पाटा कोंबणे म्हणजे चांगल्या कमानीची वाट लावणे.

यापेक्षा मोठी गोष्ट ब्रेकची आहे, आणि ती फारच थोड्या मालकांना ठाऊक असते. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा एक व्हॉल्व असतो. त्याची दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला, हौदा खाली आला, की दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर मिळतो. पाटे वाढवून मागचा भाग उंच धरला, की व्हॉल्वला वाटते गाडी रिकामी आहे. मग टनभर माल घेऊन आंबा घाट किंवा गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना मागचे ब्रेक हात आखडता घेतात, सारा भार पुढच्या ब्रेकवर पडतो, आणि ते तापले की पकड सुटू लागते. उंची बदलली तर हा व्हॉल्व कंपनीच्या मापाने पुन्हा लावून घ्यावा लागतो. पाटेवाल्याने तो विषय काढला नाही, तर आपण काढावा.

उंचीबरोबर आणखीही काही बिघडते. शॉकअब ताणला जातो, ब्रेकची रबरी नळी तणावात येते, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून क्रॉस लवकर जातात आणि स्टिअरिंग हलके होऊन गाडी भटकू लागते. पाट्याऐवजी ॲक्सल आणि कमान यांमध्ये लोखंडी ठोकळा घालणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. ठोकळ्याने नुसती उंची वाढते, ताकद रतीभरही वाढत नाही.

मुळात पाटा वाढवला म्हणून गाडीची पासिंग वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, रिम, टायर, ब्रेक सगळे जुनेच राहतात. आरसी बुकात एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. त्यांतली वजाबाकी म्हणजे आपला माल. 1300 किलोची क्षमता असेल तर 30 किलोचे 43 रवे, बस्स. वरून जाळी, ताडपत्रीचा सांगाडा, जादा पत्रा बसवला असेल तर त्याचे वजन याच मालातून वजा होते. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये ओव्हरलोडला 20 हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार असा दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका घेतली. बेकायदा फेरफाराला मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5 हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाल्यावर विमा कंपनीच्या सर्व्हेअरची नजरही आधी अशाच गोष्टींवर जाते.

मग करावे काय? प्रथम गाडी रिकामी करून सपाट जागेवर उभी करा. चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. एक बाजू खाली असेल तर बहुधा पाटा तुटलेला किंवा सेंटर बोल्ट गेलेला असतो. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील तर कमान थकली आहे. त्यानंतर नेहमीचा माल भरून वजनकाट्यावर पुढचे आणि मागचे ॲक्सल वेगवेगळे तोला. काट्याची पावती हाती आली की निम्मा वाद मिटतो.

वजन पासिंगच्या आत असून गाडी बसत असेल, तर कंपनीच्या मापाची नवी कमान दोन्ही बाजूंना एकदम घालावी. जुना पाटा गॅसवर तापवून वाकवून घेण्याच्या फंदात पडू नये. पाट्याचे पोलाद कारखान्यात तापवून, तेलात थंड करून पाणी दिलेले असते. रस्त्यावरच्या ज्योतीने ते पाणी उतरते आणि महिन्या-दोन महिन्यांत कमान पुन्हा सपाट होते. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग तर कधीच नको. आपल्यातले कितीतरी कारागीर या धंद्यात आहेत आणि त्यांना हे चांगले ठाऊक आहे, पण गिऱ्हाईकच घाई करते आणि शंभर रुपयांसाठी घासाघीस करते.

वजन रोजच पासिंगच्या वर जात असेल, तर पाटेवाल्याकडे त्याचे औषध नाही. दुसरी फेरी करावी, किंवा पुढची गाडी घेताना जास्त क्षमतेचे मॉडेल घ्यावे. एकाच नावाच्या पिकअपमध्ये 1.3 टन आणि 1.7 टन अशी मॉडेले मिळतात. त्यांत कमान, टायर आणि बाकीची जुळणी कंपनीनेच त्या वजनाला धरून केलेली असते.

नवी कमान बसवताना यू-बोल्ट नवेच घ्यावेत, एकदा ताणलेले जुने वापरू नयेत. चार-पाचशे किलोमीटर गाडी चालली, की त्याच कारागिराकडे नेऊन नट पुन्हा आवळून घ्यावेत आणि दिव्यांचा झोतही त्याच वेळी तपासून घ्यावा.