बुंदी, पाक आणि कोबाल्ट

शस्त्रक्रियागृहातील ज्या नीडल होल्डरच्या मुठी सोनेरी असतात, त्याच्या जबड्यांत बहुधा टंगस्टन कार्बाइडच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. दंतवैद्यांचा कार्बाइड बरही त्याच कुळातला. पोलाद कापणारा हा पदार्थ वितळवून ओतावा, तर सुमारे २,८०० अंश सेल्सिअस तापमान हवे. आणि एवढे करून हाती ठिसूळ गोळाच यायचा.

बर्लिनच्या ओस्राम कंपनीतील कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये यावर तोड काढली. दिव्यांची तार ओढण्याच्या हिऱ्याच्या डाया फार महाग पडत. त्यांना पर्याय हवा होता. त्यांनी कार्बाइडच्या भुकटीत थोडा कोबाल्ट मिसळला. क्रुप कंपनीने पुढे हा माल ‘विडिया’, म्हणजे ‘हिऱ्यासारखा’, या नावाने विकला.

कृती बुंदीच्या लाडवाची. मिश्रण साच्यात दाबले की खडूसारखी वडी तयार होते. निर्वात भट्टीत १,४०० अंशांच्या आसपास कोबाल्टचा पाक होतो, कार्बाइडचे कण मात्र वितळत नाहीत. पाक फटींत शिरून कणांना जवळ ओढतो आणि वडीची लांबी जवळजवळ सहाव्या हिश्श्याने घटते. तरीही एखादे छिद्र उरतेच, आणि तडा नेमका तेथूनच जातो. म्हणून तापलेल्या वडीवर आरगॉन वायूचा दाब सर्व बाजूंनी सारखा देतात. हाताने वळलेल्या लाडवाला हे भाग्य कुठले!

तयार तुकडा निरुपद्रवी असतो. धोका आहे तो दाबण्यापूर्वीच्या भुकटीत आणि नंतर धार लावताना. अशा कामगारांच्या फुफ्फुसविकाराची नोंद जर्मनीत १९४० मध्येच झाली. कोबाल्ट व कार्बाइड एकत्र आले की ते एकेकट्यापेक्षा अधिक घातक ठरतात. बायॉप्सीत इतर पेशी गिळणाऱ्या बहुकेंद्रकी महापेशी दिसतात. काहींना मात्र केवळ दमा होतो. तो कामाच्या दिवशी बळावतो, रजेत उतरतो. ओल्या ग्राइंडिंगमध्ये धूळ दिसत नाही, म्हणून सारे निर्धास्त असतात. पण कोबाल्ट कूलंटमध्ये विरघळतो आणि तुषारांवाटे श्वासात जातो.

आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतील रुग्ण ‘लेथवर असतो’ एवढेच सांगतो. टूलला धार कोण लावते, हे आपणच विचारावे लागते. त्या कामातून वेळीच बाजूला झालेले अनेक रुग्ण सुधारतात. फायब्रोसिस झाल्यावर फुफ्फुस पूर्ववत होत नाही.