आजीचं ‘हो हो’ आणि माझा हेडफोन

“आजी, डॉक्टरांकडे जाऊन आलीस का?”
“हो हो.”
“काय म्हणाले?”
“हो हो.”

सीएसएमटीहून सुटलेली संध्याकाळची फास्ट लोकल, लेडीज डब्यातली कशीबशी मिळालेली चौथी सीट आणि कानावर मावसभावाचा तीस हजारांचा हेडफोन. “दहा दिवस वापर, आवडला तर तसाच घे,” असं म्हणून तो गावाला निघून गेला होता. इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून वर्षभर बाजूला टाकलेले पैसे माझ्याकडे होते. डोंबिवली ते सीएसएमटी रोजचे जाऊन-येऊन अडीच-तीन तास, त्यात गाणी, पॉडकास्ट आणि वाईला मामाकडे राहणाऱ्या आजीला रोजचा एक फोन. मला आजीचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. मागच्या अंगणातली कोंबडीसुद्धा! मी खूश.

आठव्या दिवशी आई म्हणाली, “अगं, आजी म्हणत होती, पोरगी काय बोलते ते हल्ली काही कळतच नाही. विहिरीत बसून बोलल्यासारखं वाटतं. तिला वाईट वाटू नये म्हणून मी आपली हो हो म्हणते.”

म्हणजे आठ दिवस आमचं बोलणं झालंच नव्हतं. मला शांतता मिळाली होती आणि आजीला अख्खी मध्य रेल्वे! तिथून माझा हेडफोनचा अभ्यास सुरू झाला.

विमानातला वैताग

नॉइज कॅन्सलिंग म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. हेडफोनवरचे छोटे माइक बाहेरचा आवाज टिपतात. आतली चिप त्याच्या बरोबर उलटी ध्वनिलहर तयार करते. एकाचा चढ तिथे दुसऱ्याचा उतार. दोन्ही कानाशी भेटतात आणि एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून टाकतात. कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना आवाजाने आवाज मारण्याच्या युक्तीचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्येच मिळालं होतं. पण ते प्रत्यक्षात आणायला लागणारी इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा कुठे होती?

पुढची गोष्ट एका बंगाली क्रांतिकारकाच्या मुलाची. ब्रिटिशांपासून निसटून अमेरिकेत गेलेल्या ननी गोपाल बोस यांचा मुलगा अमर बोस एमआयटीत प्राध्यापक झाला. १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला परतताना त्याने विमानात मिळालेला हेडफोन लावला, तर इंजिनाच्या घरघरीत संगीत ऐकूच येईना. त्याने विमानातच गणितं मांडायला सुरुवात केली. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं आणि तुमच्या-आमच्यासारख्यांसाठीचा पहिला ‘क्वाएटकम्फर्ट’ आला तो २००० मध्ये.

ही गोष्ट सांगायचं कारण म्हणजे हे तंत्र जन्मालाच आलं ते इंजिनाच्या एकसुरी घरघरीसाठी. त्यामुळे एसी, पंखा, विमान, रुळांवरची धडधड असे खालच्या पट्टीतले, सतत चालणारे आवाज ते मस्त गिळतं. पण अचानक वाजलेला हॉर्न, रडणारं बाळ, “क्लिपा घ्या, कानातले घ्या” ही हाक किंवा समोरच्या सीटवरचं सासूपुराण पूर्ण गायब होत नाही. असे वरच्या पट्टीतले आवाज अडवायचं काम मुख्यतः कानावरच्या गादीचं. ती नीट चिकटून बसली नाही, तर पैसे पाण्यात. माझ्यासारखे चष्मेवाले असाल तर काडीमुळे गादी आणि डोकं यांच्यामध्ये फट राहते. म्हणून चष्मा लावूनच हेडफोन ट्राय करा.

शांतता कुणासाठी?

आता आजीकडे येऊ. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नॉइज कॅन्सलेशन तुमच्या कानासाठी असतं. पलीकडच्या माणसाला तुमच्याभोवतीचा गोंगाट ऐकू जाऊ नये, ही पूर्णपणे वेगळी यंत्रणा. त्यासाठी वेगळे माइक आणि तुमचा आवाज गोंगाटातून वेगळा काढणारं सॉफ्टवेअर लागतं. पहिली गोष्ट उत्तम असलेला हेडफोन दुसरीत काठावर पास असू शकतो. आपण मात्र दोन्ही एकच समजून पैसे मोजतो.

शिवाय अंतराचाही प्रश्न आहे. फोन कानाला लावला की त्याचा माइक तोंडाजवळ येतो. कॉल सेंटरच्या हेडसेटला तर तोंडापर्यंत येणारी दांडीच असते. मोठ्या हेडफोनचे माइक मात्र कानाशी असतात. तिथून तुमचा आवाज पकडायचा, लोकलचा गाळायचा, वर दारातून येणारा वारा! सॉफ्टवेअर फारच जोरात गाळायला लागलं की तुमच्या आवाजाचाही थोडा भाग कापला जातो. आजीची विहीर तीच.

आणखी एक गंमत. कान बंद असल्यामुळे आपलाच आवाज आपल्याला नीट ऐकू येत नाही आणि आपण ओरडतो. “आजी, इसबगोल घेतलंस का?” हे माझं वाक्य अर्ध्या डब्याने ऐकलंय. काही हेडफोनमध्ये कॉलच्या वेळी स्वतःचा आवाज कानात सोडायची सोय असते, तिला साइडटोन म्हणतात. खूप कॉल करत असाल तर ती आहे का, हे नक्की विचारा.

ऑनलाइन मीटिंगवाल्यांसाठी एक टीप. लॅपटॉपवर हेडफोनचा माइक चालू झाला की बऱ्याचदा अख्खा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. हेडफोन बिघडलेला नसतो. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये उत्तम स्टिरिओ संगीत आणि माइक दोन्ही एकाच वेळी पेलत नाहीत, म्हणून तो कॉलच्या साध्या दर्जावर उतरतो. उपाय फुकट आहे. सेटिंगमध्ये जाऊन माइक लॅपटॉपचा निवडा आणि आवाज हेडफोनवर ठेवा. एलई ऑडिओ हे नवं तंत्र यावरच आलंय, पण ते फोन किंवा लॅपटॉप आणि हेडफोन दोन्हीकडे असावं लागतं.

गाण्यांचं काय?

दुकानात कोडेकच्या नावांचा मारा होतो. कोडेक म्हणजे गाणं ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी दाबून छोटं करायची पद्धत. सोनीचं एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवू शकतं. ऐकायला भारी, पण आयफोन एलडॅकही चालवत नाही आणि अॅप्टएक्सही. तिथे एएसीच. म्हणजे आयफोनवाल्याने एलडॅकसाठी जास्तीचे पैसे मोजणं म्हणजे पोहता येत नसताना स्विमिंग पूलची मेंबरशिप घेणं! अँड्रॉइडवाल्यांनी आपल्या फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये काय काय दिसतं ते आधी बघावं.

आणि खरं सांगू? कुर्ला स्टेशनच्या गर्दीत मला तरी कोडेकमधला फरक कळला नाही. बास जास्त की कमी, हा फरक मात्र लगेच कळतो. तो बऱ्याच हेडफोनच्या अॅपमध्ये इक्वलायझरने बदलताही येतो. दुकानात जाताना आपली पाठ असलेली तीन गाणी घेऊन जा. एकात तबला किंवा ढोल, एकात नुसता गळा आणि एकात भरपूर वाद्यं. दुकानदाराचं डेमो गाणं प्रत्येक हेडफोनवर छानच वाजतं.

वजन, घाम आणि बॅग

कागदावरचे काही आकडे मात्र खरंच कामाचे. अॅपलचा एअरपॉड्स मॅक्स साधारण ३८५ ग्रॅमचा, तर सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ साधारण २५० ग्रॅमचा. दहा मिनिटांच्या ट्रायलमध्ये हा फरक जाणवत नाही, दीड तासाच्या प्रवासात मान सांगते. बॅटरीबद्दल कंपन्यांचा दावा नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवून असा आहे: एअरपॉड्स मॅक्स २० तास, २०२३ चा बोस क्वाएटकम्फर्ट अल्ट्रा २४, एक्सएम५ ३० आणि सेनहायझरचा मोमेंटम ४ तब्बल ६० तास.

घडी होते का, तेही बघा. सोनीचा एक्सएम४ घडी होऊन छोटा होतो. त्यानंतरच्या एक्सएम५ मध्ये कंपनीने ती घडीच काढून टाकली आणि एक्सएम६ मध्ये परत आणली. डबा, छत्री, पाण्याची बाटली आणि लॅपटॉप एकाच सॅकमध्ये कोंबणाऱ्यांना याचं महत्त्व सांगायला नको.

मग आपली हवा. मे महिन्यातल्या मुंबईत कानाभोवती गाद्या लावणं म्हणजे कानाला स्वेटर घालणं. घामाने कृत्रिम चामड्याच्या गाद्यांचे पापुद्रे निघतात. त्यामुळे बदली गाद्या मिळतात का आणि केवढ्याला, हे विकत घेण्याआधी विचारा. पावसाचंही तेच. यातले बरेच महागडे हेडफोन पाण्यासाठी बनवलेले नसतात.

आवाज कमी करा, खरंच

या सगळ्या खर्चाचं मला पटलेलं सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. साधे इअरफोन लावून लोकलमध्ये गाणं ऐकायचं तर गाडीच्या वर आवाज न्यावा लागतो. माझा व्हॉल्यूम नेहमी शेवटून दुसऱ्या घरात असायचा. नॉइज कॅन्सलिंग लावल्यावर तेच गाणं निम्म्यावर पुरलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकलं तर ठीक. ९० डेसिबलला मर्यादा आठवड्याला फक्त ४ तास. रोजच्या प्रवासात हे चार तास दोन दिवसांत संपतात. एकदा गेलेली ऐकण्याची शक्ती कुठल्याही सर्व्हिस सेंटरला परत मिळत नाही.

आणि हो, प्लॅटफॉर्मवर, रस्ता ओलांडताना, रिक्षा शोधताना ट्रान्सपरन्सी मोड लावा. त्यात बाहेरचे आवाज कानात येतात. त्याहून बरं म्हणजे हेडफोन सरळ गळ्यात. रुळ ओलांडायचे नाहीतच, पण हेडफोन लावून तर स्वप्नातसुद्धा नाही.

आजी, आमची टेस्टर

शेवटी मी डोंबिवलीतली दोन दुकानं आणि ठाण्याचा एक मॉल पालथा घातला. सेल्समनने स्पीकरवर विमानाचा आवाज लावला आणि हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला. “बघा मॅडम, सगळं गायब!”

“दादा, जरा बाहेर रिक्षा स्टँडजवळ उभं राहून एक फोन करू का?”

“कुणाला?”

“आजीला.”

तो हसला, पण आला बरोबर. एका दुपारपुरती आजी आमची टेस्टर झाली. चार हेडफोन, चार फोन. एकाला “विहीर”, दुसऱ्याला “पत्र्याचा डबा”, तिसऱ्याला “अगं, तुझ्यापेक्षा रिक्षावालाच स्पष्ट बोलतोय” असे शेरे मिळाले. चौथ्याला म्हणाली, “हां, आता कशी माणसात आलीस.” तो निघाला आधीच्या वर्षीचं मॉडेल. नवीन आल्यामुळे सात हजारांनी उतरलेला. मावसभावाचा हेडफोन त्याला परत गेला आणि हा माझ्या घरी आला.

नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमची लोकल वेगळी, तुमचं डोकं वेगळं आणि तुमची आजीही वेगळी. पण एक नक्की करा. घेण्याआधी तुम्ही रोज ज्याला फोन करता त्याला, तुम्ही रोज जिथे असता तितक्याच गोंगाटातून एक फोन करा. दुकानात ते जमणार नसेल तर परत करायची मुदत नीट वाचून ऑनलाइन मागवा आणि पहिल्याच दिवशी हे करा.

चालत्या गाडीच्या दारात मात्र माझाही हेडफोन हरतो. म्हणून गाडीत गाणी आणि डोंबिवलीला उतरून पुलावरची गर्दी ओसरली की आजी, असं आता ठरलंय. परवा विचारलं, “आजी, गोड बंद केलंस ना? डॉक्टरांनी सांगितलंय.”

“अजिबात नाही! चहात साखर मी घालणारच. तू तिकडे वडापाव खातेस ते मी विचारते का?”

वीस मिनिटं भांडलो. ‘हो हो’ एकदाही नाही.