तोंडी आदेश आणि गप्प स्टाफरूम

मुख्याध्यापक मनमानी करणारे असले की शाळेत आधी काय बदलतं? स्टाफरूम गप्प होते. मीटिंगमध्ये कोणी प्रश्न विचारत नाही, नंतर पार्किंगमध्ये मात्र सगळे बोलतात!

अशा शाळेचा कारभार तोंडी चालतो. "तेवढं करून टाका हो," असं सांगितलं जातं आणि अंगाशी आलं की "मी कुठे सांगितलं?" म्हणून सूचना नम्रपणे लेखी मागावी. नाहीच मिळाली तर त्याच दिवशी आपण पत्र द्यावं, "आज आपण दिलेल्या तोंडी सूचनेनुसार..." आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी.

दुसरी भीती गोपनीय अहवालाची. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीतला नियम 15 जरूर वाचा. प्रतिकूल शेरा लेखी कळवावा लागतो. तो मुदतीत कळवला नाही, तर त्या काळातलं काम समाधानकारक मानलं जातं. किती शिक्षकांना हे माहीत असतं? नोकरीवरून काढलं किंवा पदावनत केलं, तर आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं.

पण रोजचा पाणउतारा, मुद्दाम दिलेलं अडचणीचं वेळापत्रक, यावर नियम फारसे उपयोगी पडत नाहीत. तिथे सहकारीच लागतात. सगळ्यांदेखत कोणाला झापलं जात असताना "सर, हे केबिनमध्ये बोलूया का?" एवढं एकाने म्हटलं तरी समोरचा आवाज खाली येतो.

पालकांनो, वर्षात दोनदा गणिताचे शिक्षक बदलले तर पालक-शिक्षक संघाच्या सभेत कारण जरूर विचारा.