ऊसतोडीचा हंगाम आणि बिबट्या

दसरा झाला की मराठवाड्यातील हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेला लागतात. आपल्या वसतिगृहातील काही मुलांचे आईवडीलही त्यांत असतात. जुन्नर, शिरूर, अकोले, संगमनेर या पट्ट्यातील उसात आता बिबट्याची कायमची वस्ती आहे. म्हणून पालकांसाठी आम्ही हे लिहीत आहोत.

ऊस वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ उभा राहतो. त्यात आडोसा व पाणी मिळते. शेजारच्या वस्तीवर कुत्री, डुकरे, शेळ्या असतात. मादी उसातच विते. विद्या अत्रेय यांच्या अकोले परिसरातील अभ्यासात शेतीच्या प्रदेशातही १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे आढळले. ‘धरून दूर सोडा’ ही मागणी स्वाभाविक असली, तरी तिने प्रश्न सुटत नाही. २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या शंभराहून अधिक किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला होता.

माणूस हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य नव्हे. मात्र वाकून काम करणारा किंवा शौचाला बसलेला माणूस त्याला उभ्या माणसासारखा दिसत नाही, आणि लहान मूल तर शेळीएवढेच. म्हणून अंधारात एकट्याने बाहेर पडू नये. सोबत बॅटरी व काठी असावी, मोठ्याने बोलत जावे. मुलांना कोपीच्या दाराशी किंवा उघड्यावर निजवू नये. फडाच्या बांधावर लेकरू एकटे ठेवून तोडणीला लागणे टाळावे. हे सांगणे सोपे आहे. दिवसाची मजुरी तोडलेल्या टनांवर ठरते, हे आम्ही जाणतो. निदान एक जाणते माणूस मुलांपाशी बसवावे. कोंबडी-मटणाचे उरलेले तुकडे कोपीजवळ टाकू नयेत, कारण त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

समोर आलाच, तर पळू नये, पाठ फिरवू नये, खाली बसू नये. मुलाला चटकन उचलून ताठ उभे राहावे, ओरडावे, हळूहळू मागे सरावे. त्याला वाट मोकळी हवी. मोबाइल घेऊन घेरणारा जमावच पुष्कळदा त्याला हल्ल्यास भाग पाडतो.

तोडणीत बछडे सापडले, तर हात न लावता काम थांबवून वनविभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. आई बहुधा रात्री परत येते. नखे किंवा दात लागल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा व रेबीजची लस घ्यावी.

मुले फडावर नेली जातात, कारण गावी सांभाळणारे कोणी नसते. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील अशी कुटुंबे हंगामापूर्वीच शाळेला कळवावीत.